आधी पत्ता, मग पॅरिस: जर्मनीत शिकायला येणाऱ्यांसाठी पहिल्या वर्षाची वाट

जर्मनीतल्या आखेनला पोहोचल्यावर पहिल्याच रविवारी मी शहराबाहेरच्या एका टेकडीवर चढून गेलो. तिथे एका दगडापाशी जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स या तिन्ही देशांच्या सीमा मिळतात. दगडाभोवती फेरी मारली की तीन देश पायाखालून जातात. त्या रात्री वहीत पॅरिस, प्राग, रोम अशी यादी केली. ती पुरी व्हायला दीड वर्ष लागलं. पैसे नव्हते म्हणून नाही, तर मी कामांचा क्रम चुकवला होता म्हणून. पक्का पत्ता नसताना बँक, इन्शुरन्स, राहण्याचा परवाना अशा सगळ्यांच्या मागे एकदम लागलो आणि सगळंच एकमेकांत अडकून बसलं.

जर्मनीत प्रत्येक कागद आधीच्या एखाद्या कागदावर उभा असतो, आणि सगळ्यात तळाशी असतो तुमचा पत्ता. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे. युरोपातल्या दुसऱ्या देशात शिकायला जाणार असाल तर कागदांचे नियम तिथले पाहा. प्रवासाचा भाग मात्र तुमच्याही उपयोगाचा आहे.

निघण्यापूर्वी

यावर भरपूर माहिती मिळते, म्हणून थोडक्यात सांगतो. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं. त्याला वेळ लागतो, तेव्हा प्रवेशाच्या निकालाची वाट न पाहता त्याचा अर्ज आधीच करा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येईल अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात; ही रक्कम सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. त्यातून दरमहा ९९२ युरो तुमच्या हातात येतात. म्युनिकसारख्या शहरात एवढ्यात भागवताना ओढाताण होते, लहान शहरात बऱ्यापैकी भागतं. शहर निवडताना विद्यापीठाच्या नावाइतकाच खोलीच्या भाड्याचाही विचार करा.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, फक्त सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क असतं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही अशा विद्यार्थ्यांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली आहे. "जर्मनीत शिक्षण फुकट" हे वाक्य ऐकून निघू नका, आपल्या अभ्यासक्रमाचं पान उघडून बघा.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. आपल्याकडच्या अनेकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढेच वडिलांचं नाव छापलेलं असतं. जर्मन कार्यालय ते दोन्ही मिळून तुमचं पहिलं नाव धरतं. विमान तिकीट, इन्शुरन्स, बँक, विद्यापीठ, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने नाव लिहा. एका ठिकाणी वडिलांचं नाव गाळलं की पुढे दोन माणसं तयार होतात, आणि ती एकच आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं.

घर शोधताना

विद्यार्थी वसतिगृहं श्टुडिएरेंडेनवेर्क नावाची संस्था चालवते. तिथे भाडं सगळ्यात कमी आणि रांग सगळ्यात लांब. प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी अर्ज टाका. दुसरा मार्ग म्हणजे वेगे, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट. तिथे आधीपासून राहणारे लोक तुमची छोटीशी मुलाखत घेतात. स्वयंपाक करता का, रात्री उशिरापर्यंत जागता का, असं विचारतात. खरं सांगा, वर्षभर त्यांच्यासोबत एकाच स्वयंपाकघरात वावरायचं आहे.

जाहिरातीत भाड्याचे दोन आकडे दिसतील. काल्टमीटे म्हणजे नुसत्या खोलीचं भाडं आणि वार्ममीटे म्हणजे हीटिंग, पाणी, सफाई वगैरे धरून. तुलना नेहमी वार्ममीटेची करा, आणि त्यात वीज व इंटरनेट आहे का तेही विचारा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढं घेता येतं आणि ते तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायद्याने आहे. हे मला फार उशिरा कळलं.

फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे. खोली सुंदर, भाडं कमी, मालक "सध्या परदेशात" आणि किल्ली कुरिअरने येणार, फक्त डिपॉझिट आधी पाठवा. खोली स्वतः किंवा ओळखीच्या कोणी पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. काहीच जमत नसेल तर पहिला महिना-दोन महिने तात्पुरती खोली घ्या. पण आधी एक प्रश्न विचारा: या पत्त्यावर नोंदणी करता येईल का? मी हाच प्रश्न विचारला नव्हता. मालकाने नंतर नोंदणीच्या कागदावर सही द्यायला नकार दिला, आणि माझे पहिले सात आठवडे त्यातच गेले.

खोलीचा ताबा घेताना भिंती, फरशी, बेसिन, खिडक्यांचे फोटो काढा आणि आधीच्या डागांची नोंद कागदावर करून घ्या. दोन वर्षांनी डिपॉझिट परत मिळतं ते याच फोटोंमुळे.

पत्त्याची नोंद

याला आन्मेल्डुंग म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत शहराच्या नागरिक कार्यालयात जाऊन ती करायची असते. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाने सही केलेलं राहत असल्याचं पत्र, एवढंच लागतं. नुसता भाडेकरार चालत नाही, मालकाचं ते वेगळं पत्र हवंच. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट आठवडेच्या आठवडे मिळत नाही. सकाळी लवकर वेबसाइट उघडली तर रद्द झालेल्या जागा सापडतात.

नोंद झाली की एक साधासा छापील कागद हातात मिळतो. त्याच्या तीन-चार प्रती काढून ठेवा. काही आठवड्यांनी त्याच पत्त्यावर टपालाने टॅक्स क्रमांक येतो. नोकरी धरली की तो लागतो आणि आयुष्यभर तोच राहतो. घर बदललं की पुन्हा नोंद करायची, आणि देश सोडताना नाव काढूनही घ्यायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुठल्याच अधिकृत यादीत मला सापडलं नव्हतं: टपालपेटीवर आणि दारावरच्या बेलवर आपलं आडनाव चिकटवा. त्याच दिवशी, साध्या कागदाच्या पट्टीवर लिहून का होईना. जर्मन पत्त्यात फ्लॅट क्रमांक बहुधा नसतोच. पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. माझ्या पेटीवर जुन्या भाडेकरूचं नाव होतं. बँकेचं कार्ड आलं एका पाकिटात, पिन येणार होता दुसऱ्या पाकिटात, आणि तो परत गेला. पुन्हा अर्ज, पुन्हा दहा दिवस. या देशात महत्त्वाची प्रत्येक गोष्ट अजून कागदावर, टपालाने येते. रोज पेटी उघडायची सवय लावून घ्या.

नोंदणीनंतर काही दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येईल. घरात टीव्ही नसला तरी दर घराला महिन्याला १८.३६ युरो भरावे लागतात. वेगेमध्ये सगळ्यांत मिळून एकदाच. कोणी आधीपासून भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवला की झालं. जाहिरात समजून हे पत्र फेकू नका. थकबाकी मुकाट्याने साचत जाते आणि वर्षाने एकदम दारात येते.

इन्शुरन्स आणि राहण्याचा परवाना

आरोग्य विमा नसेल तर विद्यापीठ प्रवेश पक्का करत नाही. तीस वर्षांच्या आतल्यांना सरकारी चौकटीतला विद्यार्थी विमा मिळतो, महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास. खासगी विमा स्वस्त दिसतो. पण त्यासाठी एकदा सरकारी विम्यातून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. माझ्या एका मित्राचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्या फरकाचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला. सरकारी विमा घ्या, असं मी स्पष्टच सांगेन.

डॉक्टर शोधायचा तो ठणठणीत असताना. घराजवळचा हाउसआर्त्स्त, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आधीच ठरवून ठेवा. रात्री किंवा रविवारी ताप चढला, पण जिवावरचं नसेल तर ११६११७. जिवावर बेतलं असेल तर ११२. ११२ हा क्रमांक सगळ्या युरोपियन युनियनमध्ये चालतो. पाठ करा.

व्हिसावर तुम्ही देशात शिरता. पुढे राहायचं ते परवान्याच्या कार्डावर. ते परदेशी नागरिकांचं कार्यालय देतं, आणि त्यासाठी नोंदणी, विमा, विद्यापीठाचं प्रमाणपत्र, पैशांचा पुरावा, फोटो असं सगळं लागतं. व्हिसा संपण्यापूर्वी अर्ज गेलेला असला पाहिजे. पत्त्याची नोंद झाली त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट मागा, कारण ती मिळायला दोन-तीन महिने सहज जातात. ईमेल पाठवलात तर त्याची प्रत जपून ठेवा. अर्ज वेळेत केला होता याचा पुरावा तोच असतो.

वर्गात

वेळापत्रकात तासापुढे "त्से. टे." अशी अक्षरं असतील तर तास दिलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होतो; "एस. टे." असेल तर बरोब्बर ठोक्याला. हजेरी बहुतेक तासांना नसते. आपल्याला वाटतं, चला, सुटलो. खरं तर इथेच अनेकजण घसरतात. सेमिस्टरभर कोणी काही विचारत नाही आणि शेवटी एकच लेखी परीक्षा शंभर टक्के गुण ठरवते. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम आणि सेमिस्टरला ३० क्रेडिट्स, हा हिशेब खरा धरा. मी पहिल्या सेमिस्टरला सहा विषय घेतले होते. चार घेतले असते तर दोन पुन्हा द्यावे लागले नसते.

गुणांचा क्रम उलटा असतो. १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे पास, ५.० म्हणजे नापास. परीक्षेला वेगळी नोंदणी करावी लागते, आणि तयारी नसेल तर मुदतीत नाव काढूनही घेता येतं. ही मुदत कॅलेंडरमध्ये लाल अक्षरांत टाका. बहुतेक अभ्यासक्रमांत एका विषयाला तीनच संधी असतात. अनिवार्य विषयात तिसऱ्यांदाही नापास झालात तर नाव कमी होतं आणि जर्मनीत दुसरीकडेही तोच अभ्यासक्रम घेणं बहुधा बंद होतं. परीक्षेच्या दिवशी आजारी असाल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून दाखला घ्या, दुसऱ्या दिवशीचा चालेलच असं नाही.

प्राध्यापकांना प्रश्न विचारायला घाबरू नका. इथे "मला हे समजलं नाही" म्हणणारा विद्यार्थी कमी दर्जाचा मानला जात नाही. मला हे पटायला एक वर्ष लागलं.

कामाचं म्हणाल तर मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातच संशोधन सहायकाचं काम मिळालं, ज्याला सगळे हिवी म्हणतात, तर ते या दिवसांत धरलं जात नाही. पहिल्या सेमिस्टरला काम घेऊ नका. दुसऱ्यापासून हिवी शोधा. पैसे मिळतात, आणि त्याहून मोलाचं म्हणजे प्राध्यापकांची ओळख होते.

घरात

हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची. थंडी आत येते म्हणून आपण खिडकी बंद ठेवतो, आत कुकर लावतो, कपडे वाळत घालतो, आणि जानेवारीत कोपऱ्यात काळी बुरशी दिसते. तिचा खर्च डिपॉझिटमधून जातो. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावा आणि खिडकी उघडा, म्हणजे खोलीतला धुराचा भोंगा वाजणार नाही.

रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळपर्यंत सामान भरा. बाटल्यांवर अनामत असते, एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट. त्या सुपरमार्केटमधल्या यंत्रात परत टाकायच्या. नळाचं पाणी निर्धास्त प्या.

नोव्हेंबरबद्दल मात्र सावध करायला हवं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं, भारताशी अंतर साडेतीनाचं साडेचार तास होतं आणि दुपारी साडेचारला अंधारून येतं. आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. उगाच रडू येतं, झोप वाढते, घरी फोन करावासा वाटत नाही. हे तुमच्या एकट्याचं नसतं. रोज दुपारी, उजेड असताना अर्धा तास बाहेर चाला. आठवड्यातून एकदा तरी कोणासोबत बसून जेवा. विद्यापीठात मोफत समुपदेशन असतं, तिकडे जायला लाजू नका. मी गेलो होतो, आणि त्यामुळेच तो हिवाळा निभावला.

आता प्रवास: आधी जवळचा

अनेक विद्यापीठांच्या सेमिस्टर शुल्कातच जर्मनीभर चालणारं प्रवासाचं तिकीट येतं. त्यावर सगळ्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम चालतात. वेगवान आयसीई आणि आयसी चालत नाहीत. पहिले सहा महिने एवढ्यावरच फिरा. कोब्लेंझहून ट्रिअरला जाणारी प्रादेशिक गाडी मोझेल नदीच्या काठाने, द्राक्षमळ्यांच्या उतारांखालून जाते. आयसीईच्या खिडकीतून मी एवढं सुंदर काही पाहिलं नाही. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात आहे, पण हे तिकीट तिथल्या स्टेशनापर्यंत चालतं.

विनातिकीट सापडलात तर ६० युरो. "माहीत नव्हतं" हे कारण चालत नाही. ज्या गावात छापील तिकिटावर यंत्रात शिक्का मारायचा असतो तिथे तो न मारणंही विनातिकीटच. इटलीतल्या प्रादेशिक गाड्यांच्या छापील तिकिटांचंही तसंच.

लांबच्या गाड्या उशिरा येतात, हे गृहीत धरा. पोहोचायला ६० मिनिटं उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के आणि १२० मिनिटं झाला तर ५० टक्के परत मिळतात. ऑनलाइन अर्ज करा, सोडून देऊ नका. बदलाच्या गाडीसह एकच सलग तिकीट काढलेलं असेल आणि पुढची गाडी चुकली, तर नंतरच्या गाडीने जाता येतं. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर ते नुकसान तुमचं.

आणि सेमिस्टरची सुट्टी म्हणजे मोकळा वेळ नव्हे. तो फक्त तासांविना काळ असतो, परीक्षा त्यातच येतात. परीक्षेच्या तारखा जाहीर होण्यापूर्वी विमानाचं तिकीट काढू नका.

सीमेपलीकडे

जर्मनीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा परवान्याचं कार्ड असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. जर्मनीत राहिलेले दिवस त्यात धरत नाहीत. १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया आणि रुमानिया पूर्णपणे आत आल्याने शेंगेन देश २९ झाले. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे. आयर्लंड युनियनमध्ये आहे पण शेंगेनमध्ये नाही. ब्रिटनला वेगळा व्हिसा लागतो.

पासपोर्ट आणि कार्ड, दोन्ही मूळ प्रती, कायम जवळ बाळगा. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे. आमची रात्रीची बस पहाटे तीनला थांबवली होती. ज्या मुलाच्या मोबाइलवर फक्त फोटो होता, त्याला उतरवलं.

स्वस्त विमानाचा विमानतळ नकाशावर बघा. "फ्रँकफुर्ट-हान" हा फ्रँकफुर्टपासून शंभर किलोमीटरहून दूर आहे आणि पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हेही शहरापासून तासाभराहून अधिक अंतरावर. बसचे पैसे आणि बॅगेचे पैसे मिळवले की अनेकदा रेल्वेच बरी पडते. अनेक देशांतल्या रेल्वेसाठी एकच पास मिळतो. त्यातला युरेल पास युरोपाबाहेरून येणाऱ्या पर्यटकांसाठी. इथे नोंदणी करून राहणाऱ्यांनी इंटररेल घ्यायचा, आणि सत्ताविशीपर्यंत त्यात सवलत असते.

स्वित्झर्लंडमध्ये शिरताना मोबाइलचा डेटा बंद करा. युरोपियन युनियनचा मोफत रोमिंगचा नियम तिथे लागू नाही. चेक, हंगेरियन, पोलिश एटीएमने "युरोत रक्कम कापू का" असं विचारलं तर नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. यंत्राचा दर नेहमी महाग असतो.

आता पॅरिस. वय १८ ते २५ असेल आणि तुम्ही युरोपियन युनियनच्या एखाद्या देशाचे रहिवासी असाल, तर लूव्र आणि ओर्से या दोन्ही संग्रहालयांत प्रवेश मोफत आहे. नागरिकत्व नको, रहिवास पुरतो. दारावर मी परवान्याचं कार्ड दाखवलं आणि आत गेलो. ज्या कार्डासाठी एवढे हेलपाटे घातले होते, तेच. लूव्रची वेळ आधी राखून ठेवा. मंगळवारी लूव्र बंद असतं, सोमवारी ओर्से.

एक जागा मात्र मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सुचवतो. ट्रिअरहून प्रादेशिक गाडीने पेर्लला उतरा. सेमिस्टर तिकिटावरच जाता येतं. समोर मोझेल नदी आहे आणि पुलापलीकडे लक्झेंबर्गमधलं शेंगेन हे गाव. १४ जून १९८५ रोजी इथेच, नदीत उभ्या असलेल्या बोटीवर, पाच देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी उठवण्याच्या शेंगेन करारावर सह्या केल्या. गाव अगदी छोटं आहे, भोवती द्राक्षमळे. तिथून पुढे लक्झेंबर्गभर बस, ट्राम आणि रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाला १ मार्च २०२० पासून तिकीटच नाही. पूल चालत ओलांडायला मला पाच मिनिटं लागली, आणि पाकिटातलं कार्ड कोणी मागितलं नाही. परतीच्या गाडीची वेळ निघतानाच पाहून ठेवा; पेर्लचं स्टेशन लहान आहे.